आईने जिंकलेली केस

"समजा, उद्या तुमचा दोघांचा घटस्फोट झाला, तर मी कोणाकडे राहणार?"

ठिणगीने हा प्रश्न अगदी वेळ साधून टाकला. आईच्या तोंडात घास होता आणि बाबांच्या ओठांना पाण्याचा ग्लास. ही वेळ तिच्या मैत्रिणींनी ठरवून दिली होती. प्रश्नही त्यांचाच! "तुझे आईबाबा दोघंही घटस्फोटाचे वकील ना? मग विचारून दाखव. आहे हिंमत?" असं त्यांच्यातली चष्मिष म्हणाली होती. आणि हिंमतीचं नाव काढल्यावर ती गप्प बसली असती, तर तिला घरीदारी ठिणगी कोणी म्हटलं असतं का?

"हात्तिच्या! त्यात काय!" मधल्या सुट्टीत बाकावर उभं राहून तिने जाहीर केलं होतं. "आईला ठसका लागणार. बाबा म्हणणार, 'ही माझी लेक, हिला मी कुठ्ठे सोडणार नाही!' आई म्हणणार, 'तुझी कशी? माझी!' आणि मग दोघं मला दोन्हीकडून अशी मिठी मारणार की माझं सँडविच होणार. उद्या येऊन सांगते!"

तर आता टेबलाशी बसलेली ठिणगी सँडविच व्हायला तयार होती. हात जरा बाजूला, मान जरा तिरकी.

ठसका कोणालाच लागला नाही. आईने घास नीट चावून गिळला. बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"मुलीचं वय काय धरायचं?" बाबा म्हणाले.

"पंधरा," आई म्हणाली.

"म्हणजे तिची इच्छा विचारावी लागेल."

"विचारावी लागेल. ऐकावीच लागेल असं नाही."

"दोघंही कमावते. दोघंही कामात."

"एक जास्त कामात."

"कोण?"

"हॅलो!" ठिणगी ओरडली. "मी इथे बसलेय! मी माझ्याबद्दल विचारतेय!"

"हो गं, तुझ्याबद्दलच बोलतोय," आई तिच्याकडे न बघता म्हणाली आणि बाबांकडे वळली. बाबाही आईकडेच बघत होते. दोघांच्या डोळ्यांत एकदम लख्ख उजेड पडला. इतक्या प्रेमाने त्यांनी एकमेकांकडे बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"रविवार!" बाबा म्हणाले.

"रविवार!" आई म्हणाली. "अरे, किती दिवस डोकं खाजवतोय आपण, आणि केस घरातच बसून जेवतेय!"

आता रविवारची भानगड काय, ते सांगायला हवं. वकिलांनाही शाळा असते, बरं का! एकदा वकील झालं की सुटलो, असं नाही. दर वर्षी उजळणी वर्गाला बसायचं, हजेरी लावायची, प्रमाणपत्र घ्यायचं. ते नसेल तर वकिलीचा परवाना लटकला! घटस्फोटाच्या वकिलांचा वर्ग वेगळा. त्यात तीन तास असतात: पोटगीचा, मालमत्तेचा आणि मुलांच्या ताब्याचा. यंदा तो वर्ग घ्यायचं काम आईबाबांकडे आलं होतं आणि त्यांना नमुन्याची एक खमंग केस हवी होती. ती त्यांना मिळाली. ठिणगीला मात्र उत्तर मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत चष्मिषने विचारलं, "मग? सँडविच?"

"प्रश्न विचाराधीन आहे," असं म्हणून ठिणगी तरातरा निघून गेली. पण रात्रंदिवस एकच किडा डोक्यात वळवळत राहिला. 'मला हवी' एवढे दोन शब्द त्यांच्यापैकी एकालाही का सुचू नयेत? एकालाही?

म्हणून रविवारी आई म्हणाली, "चल, माइक घेऊन धावायला कोणीतरी हवंय," तेव्हा ती एका शब्दाने कुरकुरली नाही. ताब्याचा तास दुपारी होता. तिथे तरी निकाल लागेल!

वकील संघाच्या सभागृहात एसी होता, पण तो गारव्यापेक्षा पाणी जास्त देत होता. त्याच्याखाली बादली. बादलीशेजारची खुर्ची सोडून सगळ्या खुर्च्या भरलेल्या. तुम्हाला वाटेल, वकील म्हणजे कसे ताठ, करारी! छे! विद्यार्थी झाले की सगळे सारखेच. मागच्या रांगेत दोघं डोळे उघडे ठेवून झोपले होते. एक बाई फोन फाइलमध्ये लपवून बघत होत्या. चहाबरोबरची क्रीमची बिस्किटं संपली, तर एकाने उभं राहून "हरकत आहे!" म्हटलं. मधोमध उंच खुर्चीवर निवृत्त न्यायाधीशबाई बसल्या होत्या. चणीने एवढ्याशा, पण त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं की झोपलेल्यांचेही डोळे आणखी उघडत. समोर पितळेची घंटा.

बाईंनी नियम सांगितला. "घंटा वाजली की केस सुरू. मग निकालापर्यंत कोणीही आपली भूमिका सोडायची नाही. जो सोडेल त्याची हजेरी गेली, प्रमाणपत्र गेलं. वर्ग घेणाऱ्यांचंसुद्धा!"

पोटगीचा तास बरा गेला. मालमत्तेच्या तासाला पडद्यावर घराचा नकाशा आला. तो त्यांचाच नकाशा होता! डाव्या कोपऱ्यात तिची खोली, आणि तिच्यावर लिहिलेलं, 'वादग्रस्त क्षेत्र'.

"सोफा नवऱ्याला, वॉशिंग मशीन बायकोला," पुढच्या रांगेतले जाड वकील वाटणी करत सुटले. "आणि हे अभ्यासाचं टेबल विकून पैसे अर्धे अर्धे!"

"अहो, टेबलाच्या खणात माझ्या वस्तू आहेत!" ठिणगी माइकमधून म्हणाली.

"खणासकट विकू," जाड वकील म्हणाले. "किंमत वाढेल."

सगळे खो खो हसले. इस्त्रीवर पाणी शिंपडल्यावर होतं ना, तसं तिच्या डोक्यात चर्र झालं. तिने आईकडे पाहिलं. आई मुद्दा टिपून घेत होती. बाबांकडे पाहिलं. बाबांनी तिला अंगठा दाखवला, म्हणजे 'छान धावतेयस माइक घेऊन'!

जेवणानंतर ताब्याचा तास आला, आणि खरा गोंधळ तिथे सुरू झाला.

"तुम्ही रोज आपल्याच बाजूने भांडता," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "आज समोरच्याच्या जागी बसून भांडा. बाई, तुम्ही नवरा व्हा. मुलगी वडिलांकडेच राहायला हवी, हे पटवून द्या. आणि साहेब, तुम्ही बायको. मुलगी आईकडेच राहायला हवी, हे तुम्ही पटवायचं. समजलं?"

थोडक्यात काय, आईने बाबा व्हायचं आणि बाबांनी आई!

"आणि मुलगी कोण?" कोणीतरी विचारलं.

"मी!" असं म्हणायला ठिणगीने माइक तोंडाशी नेला, तोवर बाई म्हणाल्या, "ती साक्षीदाराची भूमिका आहे, अनुभवी माणूस हवा," आणि त्यांनी दाराजवळ चुकून उठून उभ्या राहिलेल्या मिशीकाकांकडे बोट केलं. मिशीकाका म्हणजे बाबांचे जुने वकील मित्र. वय साठीच्या घरात, डोक्यावर केस नाहीत, पण सगळे केस एकत्र येऊन नाकाखाली मुक्कामाला राहिल्यासारख्या मिशा. त्यांच्या टकलावर कोणीतरी गुलाबी हेअरबँड चढवला. सभागृह टाळ्यांनी दणाणलं.

हे! हे ध्यान म्हणजे मी?

टण्ण! घंटा वाजली.

आईने बाबांचा चष्मा नाकाच्या टोकावर ठेवला, घसा खाकरला आणि अगदी बाबांच्या आवाजात म्हणाली, "हे बघा, मी शांत माणूस आहे." लोक हसले. बाबांनी आईची पर्स खांद्याला लटकवली, हात कमरेवर ठेवले आणि किंचाळले, "मी बोलतेय ना! मला बोलू दे!"

"मी असं किंचाळते?" आई पुटपुटली.

टण्ण! "भूमिकेत राहा!"

बाबांनी, म्हणजे 'बायको'ने, पहिला वार केला. "बाईसाहेब, या माणसाच्या हाती मी मूल कसं देऊ? एकदा हा मुलीला शाळेतून आणायला गेला. मी दार उघडलं, तर दारात हा आणि याच्या हातात दप्तर. मुलगी नाही! दप्तर घेऊन आला आणि मुलगी फाटकापाशी विसरून आला!"

हशा पिकला. ठिणगी हसली नाही. ती दुसरीत होती तेव्हाची गोष्ट. फाटकापाशी ती रडून रडून दमली होती आणि बाबा धापा टाकत येऊन म्हणाले होते, "गाडी बंद पडली गं." इतकी वर्षं ती त्या गाडीवर राग धरून होती! बिचारी गाडी!

"असं?" आई, म्हणजे 'नवरा', उठली. तिचे डोळे चकाकायला लागले होते. कोर्टात चकाकतात तसे. "निदान मी शाळेपर्यंत गेलो तरी! या बाईंनी काय केलं, विचारा. मुलीच्या वाढदिवसाला केक आणला. त्याच्यावर नाव कोणाचं? यांच्या अशिलाच्या मुलीचं! घरी सांगितलं, बेकरीवाल्याची चूक. चूक कसली! फोनवर दोन कामं एकदम करत होत्या, नाव सांगताना केस डोक्यात होती!"

ठिणगीच्या हातातला माइक कुंईऽऽ करून ओरडला. ती त्या बेकरीवाल्याशी जाऊन भांडून आली होती! भर दुकानात! आणि तो भला माणूस निमूटपणे सॉरी म्हणाला होता!

"पुढे," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

"मुलीला ताप होता, तेव्हा हा उशाशी बसला होता," बाबा म्हणाले. "बसून घोरत होता! इतका की मुलीने उठून याच्या अंगावर पांघरूण घातलं!"

"मुलगी शाळेच्या नाटकात राणी झाली होती," आई गरजली. "ही बाई पडदा पडता पडता पोचली आणि घरी येऊन म्हणते कशी, 'किती स्थिर उभी राहिलीस गं!' हिने झाडाला आपली मुलगी समजून टाळ्या वाजवल्या!"

बास. दोन वर्षं! दोन वर्षं ठिणगी 'स्थिर' हा शब्द मनात जपून होती. राणी कशी, तर स्थिर! आरशासमोर सराव करायची! आणि ते कौतुक झाडाचं?

मागच्या रांगेतले दोघं आता खरोखर जागे होते. अर्धं सभागृह 'नवऱ्या'च्या बाजूने, अर्धं 'बायको'च्या. आईला घाम फुटला होता, बाबांच्या खांद्यावरची पर्स गरागरा फिरत होती. आणि गंमत बघा, आई जीव तोडून सिद्ध करत होती की ती स्वतः आई म्हणून कुचकामी आहे. बाबा घसा फोडून सांगत होते की मुलीला त्यांच्या स्वतःच्या वाऱ्यालाही उभं राहू देऊ नका. पण हे त्या दोघांच्या गावीही नव्हतं. समोर विरोधी पक्ष दिसला, की यांना दुसरं काही दिसतच नाही!

"साक्षीदार!" बाईंनी मिशीकाकांना पुकारलं. "मुली, तुला कोणाकडे राहायचंय?"

मिशीकाकांनी हेअरबँड सावरला, मान वेळावली आणि चिरक्या आवाजात म्हणाले, "जिथे वायफाय फास्ट असेल तिथे!"

काय हशा! काय टाळ्या! जाड वकील तर खुर्चीसकट डुलत होते. "अगदी बरोबर! आमचीही तशीच!" आणि आईबाबा? तेही हसले. दोघंही! आईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं.

ठिणगीची कानशिलं तापून लाल झाली. पण तिने माइक घट्ट धरून ठेवला. अजून निकाल लागायचा होता.

बाईंनी चष्मा पुसला. "दोन्ही बाजूंचं ऐकलं. वडील विसराळू आहेत. पण आईचा निष्काळजीपणा जास्त ठोसपणे सिद्ध झाला आहे. मुलीचा ताबा वडिलांकडे." टण्ण!

"येस्स!" आईने दोन्ही हात हवेत उंचावून उडी मारली. "जिंकले! जिंकले मी!" तिने बाबांना बोट दाखवलं. "हरलास! आज तू माझ्यासमोर हरलास!"

"तू केकचं काढलंस म्हणून," बाबा चडफडत पर्स टेबलावर आपटून म्हणाले. "नाहीतर माझा मुद्दा भक्कम होता."

"अभिनंदन, आई."

माइक ठिणगीच्याच हातात होता. त्यामुळे ते दोन शब्द छतावर आपटून, बादलीत डुंबून, सगळीकडून परत आले.

"अगं, बघितलंस ना तू—" आई वळली.

"बघितलं. मला घालवलंस! जिंकून घालवलंस! उड्या मारतेयस! निकाल काय लागला ते ऐकलंस तरी का? मी बाबांकडे. आजपासून तुझ्याकडे मी नाही!"

आईचे हात वर होते ते वरच राहिले.

बाबांना मिशा नव्हत्या, नाहीतर त्यांनी त्या पिळल्या असत्या. "चला," ते हळूच म्हणाले, "म्हणजे हरूनही मीच—"

"तू तर बोलूच नकोस, बाबा! तासभर घसा फोडून सांगत होतास, की हिला माझ्याकडे ठेवू नका! दप्तर चालेल, मुलगी नको! आणि गाडी बंद पडली होती ना? आणि बेकरीवाला? मी त्या माणसाला 'तुम्हाला वाचता येतं का' असं विचारून आलेय! आणि मी झाड नव्हते! मी राणी होते! राणीला मुकुट होता! झाडाला पानं होती! एवढाही फरक कळत नाही?"

"ठिणगे, हा सराव होता गं," आई पुढे आली. "खोटं होतं सगळं."

"काय खोटं होतं? केक? ताप? सांग ना, एक गोष्ट सांग जी खोटी होती!"

आई आजवर भल्याभल्यांच्या उलटतपासणीला पुरून उरली होती. पण आता ती नाकावरचा बाबांचा चष्मा काढून नुसता पुसत राहिली.

"आठवडाभर मी वाट बघतेय," ठिणगीचा आवाज फाटला, "की दोघांपैकी एक तरी म्हणेल, मला हवी. एक तरी! आणि तुम्ही काय भांडताय, तर दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालू!"

त्या फाइलवाल्या बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. जाड वकिलांनी मान खाली घातली. एवढ्यात दारातून कारकून म्हणाला, "प्रमाणपत्रं तयार आहेत, सह्या करून घेऊन जा," आणि जी झुंबड उडाली म्हणता! रुमाल, फाइली, उरलेली बिस्किटं, सगळं घेऊन सगळे दाराकडे! एक तर बादलीतच पाय घालून पळाला.

मिशीकाका तेवढे राहिले. त्यांनी हेअरबँड काढून टेबलावर ठेवला.

"माझं काम वाईट झालं ना?"

"भयंकर," ठिणगी म्हणाली.

"वाटलंच मला. मला काय बोलावं ते सुचेना, म्हणून काहीतरी ठोकून दिलं. लोक हसले आणि मी फुगलो. चुकलं." त्यांनी साक्षीदाराची खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तू काय म्हणाली असतीस?"

ठिणगीने तोंड उघडलं. आणि काय सांगू, काही येईना! विचारा म्हणून डोकं उठवलं, आणि विचारल्यावर जीभ टाळ्याला चिकटली! मिशीकाका थांबले. घड्याळ बघितलं नाही, फोन बघितला नाही, 'हो की नाही ते सांगा' असंही म्हटलं नाही.

"राहू दे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "सुचेल तेव्हा सांग."

ठिणगी खुर्चीवर बसली. मग त्यांना वाकायला लावून त्यांच्या कानात काहीतरी बोलली. त्यांनी मिशा एका बाजूने कुरवाळल्या, बराच विचार केला आणि गंभीरपणे मान डोलावली.

गाडीत ठिणगी मागे, ते दोघं पुढे.

"ठिणगी, ऐक," आई म्हणाली. "मला तू हवीस. हे सांगायला लागतं का?"

"मलाही," बाबा म्हणाले. "खरं म्हणजे मला जास्त."

"जास्त कशावरून?"

"निकाल बघ ना! ताबा माझ्याकडे आहे."

"तो मी मिळवून दिला तुला! माझ्या युक्तिवादाने!"

"आणि मी हरलो ते काय उगाच? मी मुद्दाम कच्चा मुद्दा मांडला. तुला कळलं नाही."

"मुद्दाम? तू? सापशिडीतसुद्धा हरत नाहीस तू मुद्दाम! मी याच्यावर फेरसुनावणी मागणार. पुढच्या वर्गाला!"

"माग! या वेळी मी माझ्या बाजूने भांडणार!"

"माझे विद्वान मित्र विसरताहेत—"

"माझ्या विद्वान मैत्रिणीला सांगावंसं वाटतं—"

झालं! यांच्या भांडणात 'विद्वान' हा शब्द आला, की घर गाठेपर्यंत थांबत नाहीत. ठिणगीने मागून दोघांच्या सीटवर एकदम थाड्कन हात मारला. बाबांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "शांतपणे ऐका. मी वकील केलाय."

पुढची दोन्ही डोकी एकदम वळली. "काय केलायस?"

"वकील. मिशीकाका. आजपासून मी त्यांची अशील. तुम्हाला मला काही सांगायचं असेल, खोली आवर, मोबाइल ठेव, लवकर झोप, काहीही, ते त्यांच्यामार्फत यायचं. थेट बोलायचं नाही."

"तो?" बाबांना राहवेना. "अगं, तो कसला वकील! भांडणाऱ्या नवरा-बायकोला चहा पाजतो आणि घरी पाठवून देतो. आजवर एक केस जिंकलेली नाही त्याने!"

"म्हणूनच घेतलाय. जिंकणारी माणसं घरात दोन आहेत. तेवढी पुरे झाली."

आईने हळूच हात मागे केला. ठिणगीने तो बघितला, पण घेतला नाही. एवढ्यात घेणारही नव्हती. हाताची घडी घालून ती खिडकीबाहेर बघत बसली. मग तिच्या पोटात जोरात गुरगुरलं. इतकं मोठ्यांदा, की पुढच्या दोघांनाही ऐकू गेलं.

"भूक लागलीये मला," ती खिडकीला म्हणाली. "पण ते तुम्हाला माझे वकील कळवतील."